मासा छोटा चालेल, पिल्लू नको

कोळणीच्या पाटीसमोर उभं राहिलं की किनाऱ्यावरचा माणूस आपोआप परीक्षक होतो. कल्ला उचलून आतला रंग बघतो, डोळा फुगीर आहे की आत गेलाय ते पाहतो, बोटानं अंग दाबून खळगा राहतो का ते तपासतो. पापलेटच्या कल्ल्याजवळ दाबलं की पांढरं पाणी येतं की लालसर, हेही अनेक घरांत आईनं मुलीला शिकवलेलं असतं. ही विद्या मोलाचीच, पण तिच्यातून मासा ताजा आहे की शिळा एवढंच कळतं. तो पूर्ण वाढलेला होता का, कोणत्या जाळ्यात सापडला, कोणत्या महिन्यात पकडला आणि त्याच्या अंगात समुद्रातलं काय काय साठलं आहे, हे प्रश्न घासाघीस करण्याच्या गडबडीत राहूनच जातात.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर खाण्याजोग्या माशांच्या कितीतरी जाती मिळतात, पण शहरी ताटात फिरून फिरून पापलेट, सुरमई आणि कोळंबी ही तीनच नावं येतात. ही निवड खिशाला जड आहे, समुद्राला जड आहे आणि आरोग्याच्या हिशेबातही फार शहाणपणाची नाही.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींनुसार 2019 मध्ये महाराष्ट्राच्या बंदरांवर सुमारे 2 लाख 1 हजार टन मासे उतरले. आधीच्या 45 वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी वायू, क्यार आणि महा या वादळांनी बोटी बंदरातच अडकवून ठेवल्या होत्या, हे खरं. पण वादळं ओसरली तरी कोळीवाड्यांतली तक्रार ओसरली नाही. मासा कमी मिळतो आणि मिळतो तोही लहान, असं वर्सोव्यापासून मालवणपर्यंत ऐकू येतं. मग 2023 मध्ये दोन गोष्टी घडल्या. पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीच्या मच्छीमारांनी लावून धरलेली मागणी मान्य होऊन पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला आणि राज्य सरकारनं 54 जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. केरळनंतर असं पाऊल उचलणारं महाराष्ट्र हे दुसरं राज्य.

त्या यादीतले तीन आकडे तरी ग्राहकानं पाठ करावेत. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180 आणि सुरमई 370. बाजारात कोणी मोजपट्टी घेऊन जात नाही, पण मोबाइल सगळ्यांच्याच हातात असतो. मोबाइलपेक्षा आखूड पापलेट, वीतभरही न भरणारा बोंबील आणि शाळेतल्या फूटपट्टीएवढीच सुरमई दिसली तर ती पिल्लं आहेत असं समजून पुढच्या पाटीकडे वळावं. शिवाय कायद्यातला आकडा ही तळाची मर्यादा आहे. एकदा तरी अंडी घालून झालेला पापलेट त्याहून बराच मोठा असतो, म्हणून घ्यायचाच तर मोठा पापलेट, म्हणजे सरंगा, घ्यावा, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा घ्यावा आणि चवीनं खावा.

इथे एक गल्लत नेहमी होते. लहान मासा आणि लहान वयाचा मासा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मांदेली पूर्ण वाढली तरी वीतभर होत नाही. बोटाएवढी मांदेली म्हणजे संसार करून झालेला मासा. तळहातावर मावणारं पापलेट किंवा हातभरही न भरणारी सुरमई मात्र बाळं आहेत. तेव्हा मासा मुळातच लहान जातीचा आणि पूर्ण वाढलेला असावा. मोठ्या जातीचं पिल्लू घेऊ नये. मासे निवडण्याचं निम्मं शास्त्र एवढ्यातच येतं. गंमत म्हणजे डॉक्टर आणि सागरी जीवशास्त्रज्ञ वेगवेगळ्या वाटांनी निघून याच सल्ल्यापाशी पोहोचतात.

डॉक्टरांची वाट पाऱ्यावरून जाते. कोळशाच्या धुरातून, खाणींतून आणि कारखान्यांच्या सांडपाण्यातून पारा समुद्रात येतो. तळाच्या गाळातले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी या घातक संयुगात रूपांतर करतात. ते प्लवकांत जातं, प्लवकं खाणाऱ्या लहान माशांत जातं, त्यांना खाणाऱ्या मोठ्यांत जातं आणि प्रत्येक पायरीवर त्याची तीव्रता वाढत जाते. दीर्घायुषी, मोठ्या शिकारी माशांत त्याचा साठा सर्वांत जास्त. तो मांसातच बसतो, त्यामुळे कातडी काढून, मीठ-हळद लावून, तळून किंवा उकळून तो जात नाही. गर्भातल्या आणि लहान वयाच्या मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वाधिक. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं मिथाइल मर्क्युरीसाठी किलोमागे 0.25 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, पण पाटीतल्या माशाची कोणी चाचणी करून देत नाही. तिथे जात बघूनच अंदाज बांधावा लागतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं गरोदर स्त्रिया आणि मुलांसाठी जे मासे पूर्ण टाळायला सांगितले आहेत, त्यांत शार्क, स्वोर्डफिश, मार्लिन आणि किंग मॅकरेल आहेत. हा किंग मॅकरेल म्हणजे आपल्या सुरमईचा अटलांटिकमधला सख्खा भाऊबंद, एकाच कुळातला. म्हणून सुरमईला विष ठरवण्याचं कारण नाही. निरोगी प्रौढानं अधूनमधून दोन तुकड्या खाल्ल्या तर काही बिघडत नाही. मात्र घरात गरोदर सून किंवा दोन-तीन वर्षांचं नातवंड असेल, तर दर रविवारी सुरमईच हवी हा हट्ट सोडलेला बरा. मोठ्या कुप्यालाही, म्हणजे टुनालाही, हाच नियम लागू.

मोरीचा प्रश्न याहून अवघड आहे. मालवणात मोरीचं मटण हा मानाचा पदार्थ आणि बाळंतिणीला दूध यावं म्हणून लहान मोरी, म्हणजेच मुशी, मुद्दाम खाऊ घालण्याची जुनी रीत. पण मोरी हा शार्क आहे. बहुतेक जातींचे शार्क उशिरा वयात येतात, मोजकी पिल्लं देतात आणि एकदा कमी झाले की लवकर भरून येत नाहीत. बाजारात ‘बेबी मोरी’ म्हणून जे विकलं जातं, त्यात खुज्या जातीच्या प्रौढ मुशीबरोबर हातोड्यासारख्या डोक्याच्या शार्कची पिल्लंही असतात. त्यातली एक मुख्य जात जागतिक पातळीवर अतिसंकटग्रस्त मानली जाते. कातडी काढलेल्या तुकड्यांवरून कोणती जात आहे, हे भल्याभल्यांना ओळखता येत नाही. बाळंतिणीला प्रथिनं आणि ओमेगा-3 द्यायचंच असेल तर मुडदुशे, पेडवे, मांदेली यांचं पातळ कालवण तेच काम अधिक चांगलं करतं. या एका बाबतीत आजीचा सल्ला बाजूला ठेवावा.

आता खावं काय? पहिला मान बांगड्याचा. ओमेगा-3 भरपूर, जलद वाढणारा, स्वस्त आणि तिरफळ घातलेल्या तिखल्यात त्याला तोड नाही. दुसरी तारली. ती प्लवकांवर जगते, त्यामुळे अन्नसाखळीत अगदी खाली राहते. मांदेली काट्यांसकट कुरकुरीत तळली की कॅल्शियमही पोटात जातं. बोंबील, पेडवे, मुडदुशे, ढोमा, वाकटी, राणी मासा, माकूल, लेप ही पुढची रांग. यातली काही नावं शहरातल्या गिऱ्हाइकांनी ऐकलेलीही नसतात, कारण विक्रेत्याकडे कोणी ती मागत नाही. राणी माशाचं उदाहरण बोलकं आहे. गुलाबीसर रंगाचा हा मासा मोठ्या प्रमाणात सुरिमी कारखान्यांत जातो आणि तिथून परदेशात, खेकड्याच्या मांसाची नक्कल म्हणून. इथे तो ताजा आणि स्वस्त मिळत असतो.

आठवड्यातून दोनदा मासे खावेत, असं अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगते. दोन्ही वेळा जाड रव्यात घोळवून भरपूर तेलात तळले तर त्या सल्ल्यातला अर्धा अर्थ तव्यातच राहतो. एकदा कालवण, एकदा तव्यावर कमी तेलात, ही वाटणी बरी. ज्यांना युरिक ॲसिडचा त्रास आहे त्यांनी तारली, मांदेली, बांगडा, कोळंबी आणि शिंपल्या यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं, कारण या सगळ्यांत प्युरिनचं प्रमाण जास्त असतं.

छोटा मासा म्हणजे न संपणारा मासा, असंही समजू नये. केरळमध्ये 2012 साली तारलीचं उत्पादन चार लाख टनांच्या घरात होतं. 2021 मध्ये ते 3,297 टनांवर आलं. समुद्राच्या तापमानातले बदल आणि पिल्लांची बेसुमार मासेमारी ही दोन्ही कारणं त्यामागे होती. नंतर तारली बरीच सावरली, कारण ती लवकर वाढते आणि लवकर वीण घालते. पापलेटच्या वाट्याला असं काही आलं तर तो इतक्या लवकर सावरणार नाही.

जात ठरली की जाळ्याकडे वळावं. कोळणीला ‘कुठल्या जाळ्यातला?’ असं विचारलं तर ती आधी चमकून बघेल आणि मग बहुधा नीट उत्तर देईल. गळाला लागलेला मासा सर्वांत उत्तम, कारण त्याबरोबर नको असलेलं फारसं काही मरत नाही. मोठ्या आसांच्या, म्हणजे छिद्रांच्या, तरंगत्या जाळ्यातला मासाही बरा, कारण लहान पिल्लं आसांतून निसटतात. सातपाटीच्या कोळ्यांनी पापलेटसाठी अशीच दालदी जाळी पिढ्यान्‌पिढ्या वापरली. सिंधुदुर्गातली रापण हे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. त्यात अनेक घरांची मेहनत आणि वाटा असतो, मासाही तासाभरापूर्वी पाण्यात असलेला मिळतो, पण बारीक आसांच्या रापणीत पिल्लंही येतात. भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवलेलं डोल जाळं बोंबील, जवळा आणि मांदेलीसाठी. तेही तसंच दुधारी आहे, कारण पापलेटची चिमुकली पिल्लं त्यात मोठ्या संख्येनं अडकतात. परंपरागत म्हणजे निर्दोष असं सरसकट म्हणता येत नाही.

ट्रॉलरचं गणित सर्वांत वाईट. त्याचं जाळं समुद्राचा तळ खरवडत जातं आणि वाटेत येईल ते पिशवीत भरतं. पिशवीच्या टोकाला 40 मिलिमीटरचे चौकोनी आस असावेत असा राज्यात नियम आहे, पण तो पाळला जातो का हे पाटीतल्या माशाच्या आकारावरूनच कळतं. एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडण्यावर केंद्र सरकारनं 2017 मध्ये बंदी आणली. पर्ससीन जाळ्यांवर राज्यात 2016 पासून निर्बंध आहेत. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत पारंपरिक मच्छीमारांचा पर्ससीनवाल्यांशी जो संघर्ष सतत पेटतो तो याच निर्बंधांच्या अंमलबजावणीवरून.

कोळंबी प्रामुख्यानं ट्रॉलरनं येते आणि एका किलो कोळंबीमागे अनेक किलो पिल्लं, कचरा मासळी आणि कधी कधी कासवंही जाळ्यात सापडतात. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला पर्यटक गर्दी करतात. त्याच कासवांना ट्रॉलच्या जाळ्यात श्वास घ्यायला वर येता येत नाही आणि ती बुडून मरतात. जाळ्यात कासवासाठी सुटकेचं दार बसवण्याचं साधं तंत्र भारतात विकसित झालं आहे, पण त्याचा वापर फारसा नाही. अमेरिकेनं भारताची समुद्रातली कोळंबी घेणं थांबवलं ते याच कारणासाठी. ज्यांना कोळंबीशिवाय चालत नाही त्यांनी खाडीत पागानं, म्हणजे हातानं फेकायच्या जाळ्यानं, पकडलेली कोळंबी शोधावी किंवा शेततळ्यातली चांगल्या विक्रेत्याकडून घ्यावी.

शेततळ्यातली कोळंबी म्हणजे आज बहुतेक वेळा व्हॅनामेई. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरची ही जात भारतात 2009 पासून व्यापारी तत्त्वावर वाढवली जाऊ लागली आणि आंध्र प्रदेश तिचं सर्वांत मोठं केंद्र बनलं. तिच्यात तळ खरवडणं नाही, कासवं नाहीत, पण प्रतिजैविकांचा प्रश्न आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान वापरायला बंदी असूनही त्यांचे अंश सापडल्यामुळे परदेशांनी भारतीय कोळंबीचे साठे वेळोवेळी परत पाठवले आहेत. म्हणून सुटी, नाव-गाव नसलेली सोललेली कोळंबी घेण्यापेक्षा उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक आणि गोठवल्याची तारीख छापलेलं पाकीट बरं. गोठवलेल्या माशाला नाक मुरडण्याचीही गरज नाही. पकडल्याबरोबर झटपट गोठवलेला मासा, उन्हात चार तास पडून राहिलेल्या ‘ताज्या’ माशापेक्षा सुरक्षित असतो.

किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी रोहू, कटला आणि मृगळ ही गोड्या पाण्यातली त्रयी उत्तम. वनस्पती आणि प्लवकं खाऊन वाढणारे हे मासे पर्यावरणाला हलके पडतात. उजनीच्या काठी भिगवणला जी चिलापी मिळते, ती तर निःशंक मनानं खावी, कारण ती परदेशी जात आहे आणि तिनं देशी माशांची जागा बळकावली आहे. ताटात ती जितकी जास्त जाईल तितकं चांगलं. मांगूरच्या बाबतीत मात्र सावध राहावं. ‘थाई मांगूर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आफ्रिकी मांगूरच्या पैदाशीला देशात बंदी आहे आणि राष्ट्रीय हरित लवादानंही 2019 मध्ये तिच्या विरोधात आदेश दिला. बाशाबद्दल एवढंच सांगता येईल की तो स्वस्त आहे, काटे नाहीत, पण ओमेगा-3 नावापुरतंच. ‘फिश फिंगर’ आणि ‘फिश टिक्का’ या नावांआड बऱ्याचदा तोच असतो. सुरमईचे पैसे मोजून बासा खाणं एवढं टाळावं.

महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. पावसाळ्यात अनेक जाती विणीवर येतात आणि वादळी समुद्रात खलाशांचे जीवही वाचतात. या काळात पुण्या-मुंबईत जे ताजे मासे दिसतात ते पूर्व किनाऱ्यावरून आलेले असू शकतात, कारण तिथली बंदी 15 एप्रिल ते 14 जून असते. बाकीचे बर्फातले, शेततळ्यांतले किंवा चोरून पकडलेले. तेव्हा जून-जुलैत ‘आजचाच पापलेट’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला तो कुठून आला हे विचारायलाच हवं.

आपल्या जुन्या स्वयंपाकघरानं या दोन महिन्यांची सोय केव्हाच करून ठेवली आहे. वलांडीवर वाळवलेले बोंबील, सुकट, सोडे, खारा बांगडा. सुक्या बांगड्याची किसमूर किंवा सोड्यांची भात-खिचडी यांना पावसाळ्यात वेगळीच लज्जत येते. दोन पथ्यं मात्र हवीत. रक्तदाब असलेल्यांनी खारवलेला मासा भिजवून, पाणी बदलून, थोडाच खावा. आणि वाळूवर पसरून सुकवलेल्या माशापेक्षा बांबूच्या वलांडीवर किंवा जाळीवर सुकवलेला घ्यावा.

पावसाळ्यातलीच आणखी एक चैन म्हणजे चढणीचे मासे. पहिल्या पावसात ओढ्या-नाल्यांतून आणि शेताच्या बांधांवरून हे मासे वर चढतात आणि गावं टोपल्या घेऊन धावतात. कोकणी माणसाला हे सांगणं जिवावर येतं, पण ते मासे अंडी घालायला निघालेले असतात. घरापुरते चार पकडणं वेगळं आणि ओढ्याच्या तोंडाशी आडवं जाळं लावून सगळेच उचलणं वेगळं.

विणीच्या काळात हात आखडता का घ्यावा, याचं शिंगाळ्याइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही. या माशाची मादी अंडी घालते आणि नर ती आपल्या तोंडात धरतो. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो काही खात नाही. 1980च्या दशकात कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांनी तोंडात अंडी धरलेल्या नरांचे थवेच्या थवे उचलले. एका फेरीत बापही गेले आणि पुढची पिढीही. तिथली शिंगाळ्याची मासेमारी त्यानंतर कोसळली. मुंबईच्या समुद्रात चपट्या शेवंडीचीही अशीच गत झाली. अंडी असलेल्या माद्याही ट्रॉलरनी उचलल्या आणि 1990च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिची व्यापारी मासेमारी संपल्यातच जमा झाली.

म्हणून शेवंड किंवा खेकडा घेताना तो उलटा करून पाहावा. पोटाखाली नारिंगी किंवा तपकिरी अंड्यांचा घोस असेल तर तो परत ठेवावा. खेकड्याच्या पोटावरची झडप अरुंद आणि त्रिकोणी असेल तर नर, रुंद आणि गोलसर असेल तर मादी. नर घ्यावा, त्याच्या नांग्यांतही जास्त मांस असतं. काटेरी शेवंड 300 ग्रॅमपेक्षा हलकी असेल तर नको. निर्यातीसाठी तेवढ्या वजनाची अट 2003 पासून आहे, घरच्या ताटासाठीही ती पाळता येईल. गाबोळीचं काय, असं विचारणारे असतातच. ती कधीमधी मिळाली तर आनंदानं खावी, पण गाबोळीसाठी म्हणून मुद्दाम भरलेल्या माद्या मागू नयेत. कोणत्या महिन्यात कोणता मासा टाळावा हे दर वेळी लक्षात राहत नाही. पश्चिम किनाऱ्यासाठी ‘नो युवर फिश’ हा उपक्रम महिन्यागणिक अशी यादी देतो, ती मोबाइलमध्ये ठेवलेली बरी.

शिंपल्यांकडे शहरी मंडळी फारशी वळत नाहीत, हे दुर्दैव. तिसऱ्या, कालवं, शिनाणे यांना खाद्य घालावं लागत नाही. ते पाणी गाळून पोट भरतात. केरळमधल्या अष्टमुडी सरोवरातल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला 2014 मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं प्रमाणपत्र मिळालं आणि भारतात असा मान मिळवणारी ती पहिली मासेमारी ठरली. तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी हे विणीचे महिने बंद पाळले जातात. मात्र पाणी गाळणारा प्राणी पाण्यातली घाणही गाळून घेतो. मुंबई-ठाण्याच्या सांडपाण्यानं भरलेल्या खाड्यांतल्या शिंपल्या स्वस्तात मिळाल्या तरी घेऊ नयेत. सिंधुदुर्ग, रत्नागिरीच्या स्वच्छ खाड्यांतल्या घ्याव्यात, घट्ट मिटलेल्या असाव्यात आणि शिजवल्यावर जी उघडत नाही ती टाकून द्यावी. एकशिपी करताना तिसऱ्या कच्च्या राहू देऊ नयेत. यकृताचा आजार असलेल्यांनी कच्ची कालवं अजिबात खाऊ नयेत.

ताजेपणाची परीक्षा लोकांना येते हे आधी म्हटलंच, पण दोन गोष्टी त्या परीक्षेत सापडत नाहीत. बांगडा, तारली आणि कुपा पकडल्यानंतर बर्फाविना राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामीन तयार होतं. ते शिजवून नष्ट होत नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होणं, अंगावर गांधी येणं, डोकं ठणकणं सुरू होतं आणि माणसाला वाटतं, आपल्याला माशाची ॲलर्जी आहे. दोष जातीचा नसतो, बर्फाचा असतो. बांगडा बर्फात पुरलेला असेल तरच घ्यावा आणि घरी जायला वेळ लागणार असेल तर पिशवीत बर्फ मागून घ्यावा. दुसरी गोष्ट फॉर्मेलिनची. 2018 च्या जुलैमध्ये मडगावच्या बाजारात फॉर्मेलिनचा संशय आला, गोव्यात गदारोळ झाला आणि सरकारनं बाहेरून येणारी मासळी पंधरा दिवसांसाठी बंद केली. डोळे खोल गेलेले, कल्ले फिकट, पण अंग रबरासारखं ताठ आणि माशाचा वासच नाही, असा विसंगत मासा दिसला तर सोडून द्यावा. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं फॉर्मेलिन आणि अमोनिया ओळखणारी झटपट चाचणीही तयार केली आहे. बोंबलात मात्र हे रसायन नैसर्गिकरीत्याच बरंच तयार होतं, त्यामुळे बोंबलाच्या चाचणीचा निकाल जपून वाचावा.

परदेशातल्या मराठी घरांसाठी काम थोडं सोपं आहे. अमेरिकेत माँटेरे बे मत्स्यालयाचा ‘सीफूड वॉच’ प्रत्येक माशाला रंगानुसार दर्जा देतो. डब्यातला टुना घेताना ‘लाइट’ टुना हा ‘अल्बाकोर’पेक्षा बरा, त्यात पारा कमी असतो. डब्यातली सार्डिन म्हणजे तारलीचीच नातेवाईक, कांदा-टोमॅटोवर परतली की भाकरीबरोबर छान जाते. ओमानमध्ये 15 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर या काळात सुरमई पकडायला बंदी असते. मस्कतच्या मराठी मंडळींनी तेवढे दोन महिने तिचा मोह आवरावा.

राहता राहिली हॉटेलं. एका ताटात एक अख्खा पापलेट मावावा म्हणून लहान पापलेटला जी मागणी आहे, ती पुष्कळशी तिथूनच येते. खानावळीत बसल्यावर यादी न उघडता ‘आज धक्क्यावरून काय आलंय?’ असं विचारावं आणि ढोमा, मुडदुशे, बांगडा असं काही उत्तर आलं तर तेच मागवावं. ताटात तळहाताएवढा पापलेट आला तर पुढच्या वेळी मागवू नये आणि का मागवत नाही ते गल्ल्यावर सांगून यावं. कोळणीलाही तसंच सांगावं. पिल्लांच्या पाटीला गिऱ्हाईक नाही हे तिला कळलं, तर उद्या पहाटेच्या लिलावात ती त्या पाटीवर बोली लावणार नाही.